पन्नास मेगाहर्ट्झची बारा वर्षं

मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याला निघालं की राजूर घाट लागतो. वर चढून मागे पाहावं, तर पूर्णेचं खोरं सपाट पसरलेलं असतं आणि हवा स्वच्छ असेल तर पल्याड सातपुड्याची रेघ दिसते. जिल्ह्यातली माणसं बोलताना ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन मुलूख करतात. बिनतारी इंटरनेट देणाऱ्याला मात्र या कड्यावर एकच गोष्ट दिसते: इथे एक खांब उभा केला, तर खालची कितीतरी गावं नजरेच्या टप्प्यात येतील. हे खरं आहे, पण अर्धंच. उंचावरच्या रेडिओला लांबचं दिसतं, तसा लांबचा गोंगाटही ऐकू येतो. गेल्या वीस वर्षांत छोट्या इंटरनेटवाल्यांनी उपकरणं कशी निवडली, याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा या कड्यापाशी येतो.

१९९८ च्या धोरणानं इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली केली आणि परवान्यांचे अ, ब, क असे वर्ग केले. ‘क’ वर्ग साधारण जिल्ह्याएवढ्या दूरसंचार क्षेत्रापुरता होता. त्यामुळे केबल टीव्हीवाल्याला किंवा संगणकाचं दुकान चालवणाऱ्यालाही आपण इंटरनेट देऊ शकतो असं वाटू लागलं. तार टाकायला पैसा नव्हता, म्हणून हवेचा रस्ता. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला झाला. जानेवारी २००७ मध्ये ५.८ च्या आसपासचा एक तुकडा मोकळा झाला, ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ. म्हणजे ५० मेगाहर्ट्झ.

हा आकडा लक्षात ठेवला तर पुढची सगळी गोष्ट उलगडते. २० मेगाहर्ट्झचा एक चॅनल धरला तर त्यात दोनच चॅनल बसतात. पाच गिगाहर्ट्झचा खालचा भाग तेव्हा फक्त घरात वापरायला होता. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे तीन चॅनल, आणि तेही गावातल्या घरोघरच्या वायफायनं लवकरच भरून गेले.

याच काळात स्वस्त रेडिओ आले. लाटव्हियातल्या मायक्रोटिकचे बोर्ड होतेच. मग युबिक्विटीचं नॅनोस्टेशन आलं: अँटेना आणि रेडिओ एकाच प्लास्टिकच्या डब्यात, वीजही नेटवर्कच्याच केबलमधून. गच्चीवर पाइप बांधा, तोंड फिरवा, सिग्नल बघा, झालं. छोट्या धंद्याला जन्म या डब्यानं दिला, आणि त्याचं श्रेय त्याला मनापासून द्यायला हवं.

पण खोक्यावर छापलेला वेग पाहून खरेदी होऊ लागली, तिथे चूक झाली. टॉवरच्या चारही दिशांना चार सेक्टर, म्हणजे रुंद कोनाच्या अँटेना, लावायचे आणि चॅनल दोनच. विरुद्ध दिशांच्या सेक्टरना एकच चॅनल द्यावा लागतो. एक बोलत असताना दुसरा ऐकत असेल, तर त्याच्या कानाशी नगारा वाजतो आणि दूरच्या ग्राहकाचा बारीक आवाज बुडतो. यावर उपाय होता. सगळ्या सेक्टरनी एकाच क्षणी बोलायचं, एकाच क्षणी ऐकायचं, आणि तो क्षण जीपीएसच्या घड्याळावरून ठरवायचा. मोटोरोलाच्या कॅनोपीत ही सोय होती. २०११ मध्ये त्यातूनच केम्बियम ही वेगळी कंपनी झाली आणि तिच्या ईपीएमपी रेडिओंमध्ये ती सोय कमी किमतीत आली. तरीही महागच. दोन चॅनलच्या देशात ते महागडं घड्याळ हीच खरी बचत होती. माझ्या मते त्या बारा वर्षांत वेगाआधी ‘यात ते घड्याळ आहे का?’ हाच प्रश्न विचारायला हवा होता. घाटाच्या कड्यावर तर रुंद सेक्टरऐवजी अरुंद कोनाची अँटेना घेणं आणखी शहाणपणाचं. जे ऐकायचं नाही त्याकडे पाठ करता येते.

रेडिओइतकीच जमीन आणि झाडंही निवडीत भाग घेतात, हे या जिल्ह्यात चांगलं कळतं. ५.८ गिगाहर्ट्झवर दहा किलोमीटरची लिंक असेल, तर मध्यावर नजरेच्या रेषेभोवती सुमारे ११ मीटर त्रिज्येचा लहरींचा फुगवटा असतो. त्यातला निदान सात मीटर मोकळा लागतो. समोरचा खांब दिसतो म्हणजे लिंक चालेल असं नाही. खामगावहून बोथामार्गे बुलढाण्याला येताना ज्ञानगंगा अभयारण्यातला साग पाहा. एप्रिलमध्ये तो निष्पर्ण असतो, आरपार दिसतं. जूनमध्ये पाऊस पडतो, ताटाएवढी पानं फुटतात, आणि उन्हाळ्यात पास झालेली लिंक जुलैत बसते. दोष मग रेडिओला दिला जातो.

घाटाखाली त्रास वेगळा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि खांबाचे ताण सैल पडतात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, क्षारांनी अर्थिंगचा लोखंडी पाइप लवकर खाल्ला जातो. वळवाच्या विजा आल्या की हे उघड होतं: टॉवर उभाच, पण केबलमधून आलेल्या झटक्यानं खालचा स्विच जळालेला. चांगलं अर्थिंग आणि झटका अडवणारं साधं यंत्र यांना निवडीच्या यादीत शेवटची जागा मिळत राहिली, याची मला खंत वाटते.

लोडशेडिंगच्या दिवसांत आणखी एक गुण कामी आला. २४ व्होल्टवर चालणारा रेडिओ बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून इन्व्हर्टरशिवाय चालतो. दहा वॉटच्या रेडिओला ४० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या, अर्ध्याच वापरल्या तरी, दोन दिवस पुरतात.

सरकारी आणि संशोधनाच्या वाटाही चालू होत्या. पालघरजवळ खामलोलीत आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटानं टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर गावं जोडून दाखवली. शेजारच्या मेळघाटात हरिसाललाही मायक्रोसॉफ्टनं तोच मार्ग धरला. त्या लहरी झाडांतून सहज जातात, सातपुड्याला त्या फार उपयोगी ठरल्या असत्या. पण तो पट्टा सर्वांसाठी खुला झाला नाही.

२२ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनं पाच गिगाहर्ट्झमध्ये ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, घराबाहेरही. बारा वर्षांची कोंडी एका कागदानं फुटली, पण उशिरा. २०१६ मध्ये जिओ आलं होतं आणि शहरांच्या गल्ल्यांत फायबर शिरत होतं. २०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळा घरात आली, तेव्हा हे जादा चॅनल पुरेपूर कामी आले. जून २०२१ पासून परवानाधारकांना ‘विश्वासू स्रोता’कडूनच उपकरणं घेण्याची अट लागली आणि स्वस्ताईचा हिशेब पुन्हा बदलला. २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एअरफायबर या नावाचं बिनतारी इंटरनेट आणलं. छोट्यांनी पंधरा वर्षं गच्चीवर केलं, तेच काम आता मोठ्या नावानं.

आता खामगाव, मलकापूरसारख्या गावांत नवं कनेक्शन फायबरवरच द्यावं. वावरातलं घर, जिनिंग, महामार्गावरचा पेट्रोलपंप, जळगाव जामोदच्या डोंगरातलं भिंगाऱ्यासारखं गाव, इथे रेडिओ अजूनही हक्काचा आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली, तर कड्यावरची जुनी लिंकच गाव चालू ठेवते. तिच्यासाठी नवा रेडिओ घ्यायला कुणी विचारलं, तर मी त्याला आधी जुलैत बोथ्याच्या सागाखाली नेईन, मग खांबाच्या पायथ्याशी अर्थिंगचा पाइप उकरून दाखवीन. माहितीपत्रक त्यानंतर उघडू.