सड्यावरचा हत्ती

मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी नौपाड्यातल्या किती घरांत कोकणात जायच्या बॅगा भरल्या जातात, हे ठाणेकरांना सांगायला नको. गणपतीपुळे, पावस, मार्लेश्वर ही नावं लहान पोरांनाही पाठ असतात. पण राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती कोरलेला आहे, हे गाव राजापूर सांगणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसतं. या कशेळीला लोक जातात ते कनकादित्याच्या दर्शनाला. हत्तीकडे वळणारे थोडे.

हा हत्ती म्हणजे उभा पुतळा नव्हे. पायाखालच्या सपाट जांभ्यात खोदलेल्या रेषांनी त्याचा देह आखला आहे आणि त्या देहाच्या आत आणखी कितीतरी लहान आकृत्या आहेत: जनावरं, पक्षी, जलचर. जवळ उभं राहिलं तर नुसत्या खाचा दिसतात, चित्र पूर्ण डोळ्यांत मावत नाही. खाच जेमतेम काही सेंटिमीटर खोल. मग इतकं मोठं चित्र प्रमाण न बिघडता आखलं कसं असेल, या प्रश्नाला अजून नेमकं उत्तर नाही.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात अशा कातळशिल्पांची संख्या हजारावर गेली आहे. त्यांचा नेटाने शोध घेतला तो सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी. खरं तर गावांना ती अजिबातच अनोळखी नव्हती. गुराख्यांना जागा माहीत असायच्या, कुणी त्यांना पांडवांची चित्रं म्हणायचं. सिंधुदुर्गातल्या कुडोपीच्या जागेला लोक ‘बाहुल्यांचं टेंब’ म्हणतात. शोधकर्त्यांनी गावोगाव जाऊन हीच माहिती गोळा केली आणि तिची नोंद केली.

चित्रांत हत्ती, वाघ आहेत, तसाच आज कोकणात कुठेही नसलेला गेंडाही आहे. शेतीचं चित्र मात्र सापडत नाही. म्हणून ही शिकार करणाऱ्या, कंदमुळं गोळा करणाऱ्या माणसांची कामगिरी असावी, असं अभ्यासक मानतात. नेमक्या काळाबद्दल मतभेद आहेत, अंदाज हजारो वर्षं मागे जातात. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभी मानवाकृती आहे. देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई दिशा चुकते, कारण तिथल्या खडकातच चुंबकीय गुण आहे. चमत्कार शोधणाऱ्यांची इथे थोडी निराशा होईल, पण खडकाची ही खोड त्या चित्रकारांना माहीत होती का, हा प्रश्न कुठल्याही चमत्काराहून रंजक आहे.

२०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत यांतल्या नऊ जागा आल्या: कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. संभाव्य यादी म्हणजे रांगेत उभं राहणं, दर्जा मिळणं नव्हे. तोवर धोके गावातलेच आहेत. ज्या जांभ्यावर चित्र आहे, त्याच जांभ्याचे चिरे घराला लागतात, त्यामुळे सड्यावर चिरेखाणी सुरू होतात. रस्ते होतात, आंबा-काजूची लागवड होते. पुष्कळ जागा खासगी मालकीच्या आहेत. मालकाला चिऱ्याचे पैसे रोख मिळतात, चित्राचे मिळत नाहीत. बारसूच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाविरोधात गावकरी सड्यावर उतरले, तेव्हा ही शिल्पंही बातम्यांत आली.

पर्यटन हा त्यावरचा उपाय आहे, पण बेताने. पेरूतल्या नाझ्का रेषांना १९९४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरी २०१४ मध्ये एका पर्यावरणवादी संघटनेची माणसं घोषणा मांडायला तिथे चालत गेली आणि हमिंगबर्डच्या आकृतीशेजारी पावलांचे ठसे कायमचे ठेवून आली. आपला जांभा त्या वाळवंटी मातीहून कणखर आहे खरा, पण इथे पाऊसही तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि फोटो उठून दिसावा म्हणून खाचेत खडू भरणारी मंडळीही आहेतच.

म्हणून मला उक्षीचं उदाहरण मोलाचं वाटतं. तिथल्या जवळजवळ खऱ्या आकाराच्या हत्तीभोवती गावाने पुढाकार घेऊन कठडा बांधला. पाहणारा बाहेर राहतो, चित्र आत. भव्य संग्रहालय, काचेचा पूल, लेझर शो यांच्या आधी सगळीकडे एवढंच झालं तरी पुरे. न्याहारी निवास योजनेतली खोली, गावातलाच वाटाड्या आणि घावन-चटणी यांवर मालकाच्या हाती चार पैसे आले, तर चिरेखाणीवाल्याला नाही म्हणणं त्याला थोडं सोपं जाईल.

जायचं तर नोव्हेंबरनंतर जा. पावसाळ्यात सडा फुलतो, मात्र खाचांत पाणी आणि शेवाळ साचतं. दुपारी डोक्यावर ऊन असताना रेषा पुसल्यासारख्या होतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की खाचांत सावली भरते आणि हत्तीची सोंड कुठे संपते ते नीट कळतं. चपला मात्र कडेला काढून ठेवा.