भंगारातले पितळ हातचे जाऊ नये

पेण-रोह्याच्या भंगार वखारींत खिळ्यांसोबत तांब्या-पितळेचे तुकडे मातीत रुततात आणि पुढे लोखंडाच्या भावात जातात. मेटल डिटेक्टर वापरणाऱ्या व्यापारी बंधूंनी एक ध्यानात ठेवावे. लोखंड वगळण्याचे बटण पूर्ण चढवले की यंत्र शांत होते, पण खिळ्याशेजारचे पितळही गप्प बसते. म्हणून आधी जमिनीवरून मोठे लोहचुंबक फिरवावे. मग वगळणी कमी, संवेदनक्षमता मध्यम ठेवून लहान तबकडी सावकाश, उभी-आडवी फिरवावी. आवाज एकाच दिशेने आला तर बहुधा लोखंडच. मोठी वॉशर मात्र चांगल्या यंत्रालाही फसवते. तिथे खणावेच लागते. खाडीकाठची खारी माती उगाच आवाज करते, तेथे यंत्र आधी जमिनीशी जुळवून घ्यावे. जुनी नाणी सापडलीच तर वितळवू नयेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांवरील गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.