रक्ताचा कर्करोग : दोष गुणसूत्राचा, घराण्याचा नव्हे

"डॉक्टर, धाकटीचं लग्न ठरतंय. ह्यांचा आजार तिच्यात उतरेल का?" नवऱ्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर एका बाईंनी मला पहिला प्रश्न हाच विचारला. दोष गुणसूत्रात आहे असे मी म्हणालो होतो. त्यांनी त्याचा अर्थ 'आनुवंशिक' असा घेतला. पुष्कळांचा असाच गोंधळ होतो.

गुणसूत्रांवरून कर्करोगाकडे वळलेल्या एक शास्त्रज्ञ आपल्या पुण्याच्याच. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ चा. शिक्षण हुजूरपागा व फर्ग्युसनमध्ये. मुलीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. त्यांनी मात्र सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे अभ्यासली. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोग संशोधनात आल्या. शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी उभारली, प्राण्यांवर रक्ताच्या कर्करोगाचाही अभ्यास केला. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध सुरुवातीच्या काळात ओळखणाऱ्यांत त्या होत्या.

म्हणजे काही कर्करोगांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे खरे. पण या बाईंच्या यजमानांना झालेल्या 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया'चे तसे नाही. या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र असते, हे १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात आढळले. ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने ते तयार होते, हे १९७३ मध्ये शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी दाखवले. ही अदलाबदल हाडांतील मज्जेच्या एका पेशीत, जन्मानंतर केव्हातरी घडते. त्यामुळे ती आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. हा रोग संसर्गानेही होत नाही.

दोषाचे मूळ सापडल्यामुळे त्यावरच काम करणारे औषध बनवता आले. २००१ मध्ये 'इमॅटिनिब' या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी डॉ. रणदिवे यांचे निधन झाले. आज अनेक रुग्ण अशा गोळ्या घेऊन वर्षानुवर्षे कामधंदा करतात.

सतत थकवा, घटणारे वजन, डाव्या बरगडीखाली जडपणा असेल तर साधी रक्ततपासणी करून घ्यावी. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या दिसल्यास पुढील तपासणी टाळू नये. बरे वाटते म्हणून गोळी मात्र मनाने कधीही बंद करू नये. रोग उलटू शकतो.

त्या बाईंना मी म्हणालो, "लग्नाची तारीख खुशाल काढा. फक्त यजमानांची गोळी चुकू देऊ नका."