भिंतीवरची बोली
रोमच्या चर्चवाटेवर : भाग ७

बॅसिलिकेचा आराखडा रोमनांच्या न्यायसभागृहातून चर्चमध्ये कसा आला, ते मागच्या भागात पाहिलं. या आठवड्यात आमचा वर्ग सान क्लेमेंतेला गेला. कलोसियमपासून हे चर्च अगदी जवळ. रस्त्यावरून आत शिरलं की बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं आणि त्याच्याही खाली मिथ्र देवाचं भुयारी पूजास्थान. तिथे भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येत राहतो.

वरच्या चर्चमधलं मोझेक सगळेच पाहतात, आणि पाहावंच. क्रूसावर बारा पांढरी कबुतरं, क्रूसाच्या बुंध्यातून पसरलेली वेल आणि खाली कोंबड्यांना दाणे टाकणारी एक बाई. तिच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले. पण मला सांगायचंय ते मधल्या मजल्यावरच्या एका भित्तिचित्राबद्दल.

अकराव्या शतकाच्या अखेरीस बेनो दे रापित्सा आणि त्याची बायको मारिया यांनी ते काढवून घेतलं. त्यातली आख्यायिका अशी : सिसिन्निउस या रोमन माणसाची बायको संत क्लेमेंतच्या मिस्सेला जाते, म्हणून तो संतापतो. 'बांधा त्याला, ओढा' असा हुकूम नोकरांना सोडतो. नोकर दोर बांधून जीव खाऊन ओढू लागतात, आणि ओढत असतात तो दगडी खांब.

बोलणाऱ्यांचे शब्द चित्रातच लिहिलेत. संताचे शब्द लॅटिनमध्ये आहेत. सिसिन्निउस मात्र तेव्हाच्या रोमच्या बोलीत ओरडतो, तेही शिवी हासडून. चर्चच्या भिंतीवर शिवी! इटलीतल्या लोकबोलीचा हा अगदी जुन्या लिखित नमुन्यांपैकी एक. थोड्याच वर्षांत हे चर्च भराव घालून बुजवलं गेलं आणि त्यावर नवं उभं राहिलं. १८५७ मध्ये आयरिश डॉमिनिकन फादर जोसेफ मुलूली यांनी खोदायला घेतलं, तेव्हा ते पुन्हा उजेडात आलं. बुजवल्यामुळेच चित्र टिकलं, असं मला वाटतं.

पण एक गोष्ट मला टोचली. इथे लोकांची बोली येते ती संताला छळणाऱ्याच्या तोंडी. पवित्र शब्द लॅटिनसाठी राखलेला. याच रोममध्ये १५७५ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण येशूसंघात दाखल झाला, पुढे गोव्याला गेला आणि त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. ती लोकभाषेत यायला १९६० चं दशक, दुसरी व्हॅटिकन परिषद उजाडावी लागली.

वसईतली माझी आजी लहानपणी लॅटिन मिस्सेला जायची. शब्द कळत नसत, म्हणून ती आणि तिची आई मागच्या बाजूला बसून मिस्सा संपेपर्यंत आपल्या बोलीत जपमाळ म्हणत.