स्पीड वाढला, नेट पडलं!

शंभरचा प्लॅन तीनशेचा केला आणि तेव्हापासून नेट सारखं गायब? कस्टमर केअरवर तोंडसुख घेण्याआधी हे वाचा. खास रायगडच्या किनाऱ्यावरून लॉग-इन करणाऱ्या मंडळींसाठी!

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. त्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं आणि अख्खं ऑफिस लॅपटॉपमध्ये शिरलं. किहीम, नागाव, मुरूड, श्रीवर्धन... गावच्या घरी आईच्या हातचं जेवून मुंबईचा पगार घ्यायचा, ही ऐश अचानक शक्य झाली. आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. आपली नोकरी खांबावरून येणाऱ्या एका वायरीला लटकलीय, हे तेव्हा कळलं.

वादळ गेलं, फायबर आलं. तरी मीटिंगमध्ये आपला चेहरा फ्रीज होतोच. मग आपण काय करतो? स्पीड वाढवतो! इथेच गडबड होते. रस्ता रुंद केला म्हणून वडखळजवळ गाडी पंक्चर व्हायची थांबत नाही. स्पीड वेगळा, टिकाऊ लाइन वेगळी.

हे दुखणं जुनंच

२००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून नेट यायचं. तार तीच ठेवून स्पीड वाढवला की मोडेमला खरखर सोसायला जागा कमी उरायची. खाऱ्या हवेने जॉइंट हिरवे पडलेले, त्यात पाऊस. लाइन तुटायची, पुन्हा जुळायची. अशा वेळी स्पीड थोडा कमी करून घेणं हाच खरा इलाज असायचा.

फायबरचं तसं नाही. प्लॅन बदलला तरी काचेच्या तारेतला प्रकाश तोच. कंपनी फक्त तिच्या बाजूला तुमची मर्यादा वाढवते. मग नेट का पडतं? बहुतेकदा अपग्रेडसोबत काहीतरी बदललेलं असतं: नवा राउटर, नवं सेटिंग, नाहीतर जोडताना ओढली गेलेली वायर.

आधी दिवे बघा

नेट गेल्या गेल्या रीस्टार्ट मारू नका. आधी डब्याकडे बघा.

- सगळे दिवे बंद: प्रॉब्लेम विजेचा. वीज क्षणभर डुलली तरी राउटर पहिल्यापासून सुरू होतो आणि पाच मिनिटं गेली. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. त्याचा व्होल्ट-अँपिअर तुमच्या अॅडॅप्टरशी जुळतोय ना, तेवढं पाहा.
- एलओएसचा लाल दिवा: प्रकाशच पोचत नाहीये. घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे मुडपली आहे का बघा. बाकी काम लाइनमनचं. फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका. तो लेझर दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो.
- दिवे ठीक, फक्त मोबाइलवर नेट नाही: दोष वाय-फायचा. पाच गिगाहर्ट्झचा बँड वेगवान, पण भिंतीपुढे नांगी टाकतो. आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंती कसल्या जाड! माजघरात राउटर आणि ओटीवर लॅपटॉप असेल तर २.४ चा बँड घ्या, नाहीतर ओटीपर्यंत लॅन केबल ओढा.
- पॉनचा दिवा ठीक, इंटरनेटचा लाल: गडबड लॉग-इनची किंवा कंपनीची. जुना राउटरही त्याच लॉग-इनने चालू राहिला असेल तर दोघं एकमेकांना बाहेर ढकलू शकतात. जुना काढून ठेवा.

दोन दिवसांची डायरी

लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडा आणि दोन दिवस काम करा. नेट टिकलं तर लाइन ठणठणीत, दोष वाय-फायचा. तेव्हाही पडलं तर वेळ, दिव्यांचा रंग आणि पाऊस-वारा होता का, ते लिहून ठेवा. राउटरच्या सेटिंग पानावर बहुतेकदा ऑप्टिकल पॉवर दिसते. ती उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली असेल, तर प्रकाश अगदी काठावर आहे. मग एखादा ओला जॉइंट किंवा वाऱ्याने हलणारी वायर पुरते.

ही डायरी घेऊन तक्रार करा. ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. ‘काल तीनदा लाल दिवा लागला’ म्हणा. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्याच. उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

आणि एक हिशेब. व्हिडिओ कॉलला साधारण ३-४ एमबीपीएस पुरतात. न तुटणारे पन्नास हे सारख्या तुटणाऱ्या तीनशेपेक्षा केव्हाही भारी. वाचलेले पैसे यूपीएसवर आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर टाका. गावच्या घरी राहून नोकरी टिकवायची तर इन्शुरन्स हाच.