मूठ हाताला, कीं हात मुठीला?

कोणतेंही अवजार घेतलें तरी त्याचे दोन भाग असतात. एक भाग काम करतो व दुसरा माणसाच्या हातांत राहतो. पहिल्याची चौकशी सर्वजण करतात. पोलाद कोठलें, धार किती दिवस टिकते, हें दुकानांत प्रथम विचारलें जातें. दुसऱ्या भागाकडे, म्हणजे मुठीकडे, हात दुखूं लागेपर्यंत कोणाचेंच लक्ष जात नाहीं. बदलापूरच्या बाजूला भात कापणारा शेतकरी आपला जुना विळा दुसऱ्याच्या हातीं देण्यास नाखूष असतो. त्यांत कंजूषपणा नसतो. वर्षानुवर्षांच्या घामानें व घर्षणानें ती मूठ त्याच्याच बोटांना जुळलेली असते.

हें तत्त्व नेमबाजीच्या खेळांत जितक्या काटेकोरपणें लागू पडतें तितकें क्वचितच दुसरीकडे पडत असेल. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाची स्पर्धा दहा मीटरांवरून होते. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा, आणि लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें. पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचें अंतर ३२० मिलिमीटर धरलें, तर माशी एक मिलिमीटर बाजूला सरकतांच छर्रा लक्ष्यावर सुमारें ३१ मिलिमीटर दूर जातो. दहाच्या जागीं सात गुण पदरीं पडतात. असा नेम एका स्पर्धेंत साठ वेळां, एकाच हातानें, धरावयाचा असतो. प्रत्येक वेळीं पंजा मुठीवर निराळ्या जागीं बसला, तर डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी त्याचा उपयोग होत नाहीं.

महाराष्ट्राला हा खेळ परका नाहीं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१३ सालीं कोरियांतील चांगवॉन येथें विश्वचषक स्पर्धेंत आणि २०१८ सालीं पालेंबांग येथें आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूल प्रकाराचें सुवर्णपदक मिळविलें. पनवेलला सुमा शिरूर यांनीं नेमबाजीचें शिक्षण देणारी संस्था चालविली आहे. तेव्हां उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एकाद्या मुलाला अथवा मुलीला या खेळाची गोडी लागावी, यांत नवल नाहीं. अडचण येते ती पुढें. स्पर्धेचें उत्तम पिस्तूल बहुधा युरोपांत तयार होतें, त्याची किंमत लाखाच्या वर जाते, आणि त्याची मूठ लहान, मध्यम व मोठी अशा ठराविक मापांत येते. मुलाचा पंजा मात्र कोणत्याही मापपट्टीला विचारून वाढत नाहीं. मूठ सैल असली कीं मूल ती आवळून धरतें, आवळल्यानें हात थरथरतो, गुण घसरतात, आणि घरांत निष्कर्ष निघतो कीं मुलाचें मन एकाग्र होत नाहीं. दोष लांकडाचा, बोल मात्र मुलाला!

येथें एक भेद प्रथम समजून घेतला पाहिजे. सैनिक व पोलीस वापरतात त्या कांहीं पिस्तुलांचा सांगाडाच प्लॅस्टिकच्या जातीच्या द्रव्याचा, म्हणजे पॉलिमरचा, असतो. हेकलर-कोख या जर्मन कारखान्यानें १९७० मध्यें असें पिस्तूल बाजारांत आणलें, आणि १९८२ मध्यें ऑस्ट्रियाच्या सैन्यानें ग्लॉक १७ स्वीकारल्यावर या पद्धतीचा सर्वत्र प्रसार झाला. त्यांत मूठ व सांगाडा एकजीव असतात, आणि मूठ आंतून पोकळ असते. तेथें कानस जरा खोल गेली कीं बिघडते ती नुसती मूठ नव्हे, शस्त्राचा सांगाडाच. शिवाय भारतांत १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें अग्निशस्त्रांची दुरुस्ती वा रूपांतर हें परवानाधारकाचें काम आहे, घरच्या टेबलावरचें नव्हे. खेळाच्या हवाई पिस्तुलाची मूठ मात्र बहुधा अक्रोडाच्या लांकडाची, स्क्रूनें बसविलेली व सुटी होणारी असते. ती मुळीं हाताप्रमाणें घडवितां यावी म्हणूनच तशी ठेवलेली असते.

मूठ जुळत नाहीं हें ओळखावें कसें? पिस्तूल रिकामें असल्याची प्रशिक्षकांकडून खात्री करून घ्यावी व तें लक्ष्याच्या दिशेनेंच धरावें. मग डोळे मिटून हात उचलावा, स्थिर करावा आणि डोळे उघडावे. माशी खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ ठीक आहे. हाच प्रयोग दहा वेळां करावा. माशी कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे दिसली तर दोष सरावाचा. दहाही वेळां एकाच बाजूला दिसली तर दोष मुठीचा. या साध्या परीक्षेनें पुष्कळ लांकूड व पुष्कळ मनस्ताप वांचतो.

दुरुस्तीला आरंभ करण्यापूर्वीं हवेची नळी काढून मूठ पिस्तुलापासून सोडवावी, व पिस्तूल पेटींत बंद करावें. तळहातावर खडूची भुकटी लावून मूठ धरली म्हणजे ती कोठें टेकते व कोठें पोकळी राहते, तें लांकडावर उमटतें. पोकळी असेल तेथें भर घालावी. लांकूडकामाची लांबी किंवा घरोघरीं गळक्या नळाला लावतात ती एम-सील यांसारखी दोन भाग मिसळून घट्ट होणारी लांबी त्यास चालते. हातांत पातळ मोजा घालून ओल्या लांबीवर नेहमींच्या पकडीनें दाब द्यावा, आणि एक दिवस ती वाळूं द्यावी. उंचवटा असेल तेथें गोल कानशीनें थोडें थोडें काढावें व शेवटीं काचकागद फिरवावा. मूठ गुळगुळीत करूं नये; घामेजलेल्या हाताला किंचित् खरबरीतपणाच आधार देतो. एका वेळीं एकच बदल करावा, आणि आठवडाभर सराव केल्याशिवाय दुसऱ्याला हात घालूं नये. लांबीची व लांकडाची धूळ फुप्फुसाला अपायकारक आहे, म्हणून नाकातोंडावर मास्क हवाच.

खेळाचे नियमही दृष्टीआड करून चालत नाहीं. हवाई पिस्तूल ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच व ५० रुंद अशा पेटींत बसलें पाहिजे, आणि त्याचें वजन दीड किलोग्रॅमहून अधिक असतां कामा नये. मुठीनें मनगटाला आधार देतां कामा नये. तें मोकळेंच राहिलें पाहिजे. तळहाताखालचा टेका वर वळवून हात जखडून ठेवणेंही निषिद्ध आहे. या मर्यादा ओलांडणारी मूठ कितीही सुखाची असली तरी स्पर्धेच्या दिवशीं तपासणींतच परत येते, आणि वर्षभराची मेहनत दाराबाहेर राहते.

या तीन शहरांत कानस धरूं शकणाऱ्या हातांची वाण नाहीं. कल्याणच्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि तेथील लांकडी सामानाचा बाजार आज प्रसिद्ध आहे. अंबरनाथेला ऑर्डनन्स फॅक्टरी व अनेक यंत्रशाळा आहेत. कारागीर सांपडेल, कठीण आहे तो संयम. काढलेलें लांकूड परत येत नाहीं, म्हणून जाणता सुतार आधीं भर घालतो, मग पारखतो आणि अगदीं शेवटीं कापतो. पालकांनीं मुलाच्या बाबतींतही हाच क्रम ठेवावा. त्याच्या एकाग्रतेवर कानस चालविण्यापूर्वीं मूठ एकदां तपासून पाहावी.