बटण एकच, वागणूक तीन तऱ्हांची

लिनक्सवरच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये मजकूर कॉपी करावा, तो प्रोग्रॅम बंद करावा आणि मग दुसरीकडे पेस्ट करायला जावे, तर काही वेळा तिथे काहीच उमटत नाही. तोच प्रोग्रॅम विंडोजवर वापरणाऱ्याला असा अनुभव सहसा येत नाही. साहजिकच लिनक्सच्या आवृत्तीत बग आहे, अशी तक्रार होते. तक्रार रास्त आहे, निदान मात्र अपुरे आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षे वापरात असलेल्या, १९८७ साली आलेल्या एक्स११ या व्यवस्थेत कॉपी करणे म्हणजे मजकूर उचलून कुठे नेऊन ठेवणे नव्हेच. कॉपी करणारा प्रोग्रॅम फक्त जाहीर करतो की मजकूर माझ्यापाशी आहे. कोणी पेस्ट करायला आले की तो त्या वेळी पुढे करतो. यात शहाणपण आहे. एकच मजकूर साधा, सजवलेला, चित्ररूप अशा अनेक प्रकारांनी देता येतो, आणि कोणी मागितलाच नाही तर ते सगळे प्रकार आधीपासून तयार करून ठेवण्यात अर्थ नसतो. पण देणाराच उठून गेला, तर मागणाऱ्याच्या हाती काय येणार? विंडोजमध्ये प्रोग्रॅमला जाण्यापूर्वी मजकूर सिस्टिमच्या हवाली करता येतो. लिनक्सवर त्यासाठी क्लिपबोर्ड सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम चालू असावा लागतो, आणि तो असेलच याची खात्री नसते.

असे फरक स्वतःच्या अंगावर घेऊन प्रोग्रॅमरला एकसारखा चेहरा दाखवणाऱ्या लायब्रऱ्या तीस-पस्तीस वर्षांपासून आहेत. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात सुरू केलेली डब्ल्यूएक्सविजेट्स ही त्यांतली एक. फाइलझिला, कीकॅड हे प्रोग्रॅम तिच्यावर उभे आहेत, ऑडॅसिटीही तिच्यावरच घडली. नॉर्वेत जन्मलेली क्यूटी १९९५ साली लोकांसमोर आली. विंडोज आणि लिनक्सवर व्हीएलसीच्या खिडक्या आणि बटणे तिच्यातून येतात. गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी जीटीके तयार झाली. कोड एकदाच लिहा, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालवा, हे या सर्वांचे आश्वासन. जावाने हीच घोषणा जगभर नेली, तेव्हा प्रोग्रॅमर मंडळींनी तिची टिंगलही केली: एकदा लिहा आणि सगळीकडे बग शोधत फिरा. टिंगलीत तथ्य आहे, पण खापर बहुधा चुकीच्या डोक्यावर फुटते. या लायब्रऱ्यांतले चिवट बग कोणाच्या निष्काळजीपणापेक्षा तीन सिस्टिम्सच्या आपापसांतल्या मतभेदांतून जास्त येतात. ते दुरुस्त करणाऱ्याला निवाडा द्यावा लागतो, आणि निवाड्याला वेळ लागतो.

खिडकी सरकवण्यासारखी क्षुल्लक गोष्ट घ्या. पडद्यावर सेकंद मोजणारे घड्याळ चालू आहे आणि वापरणाऱ्याने खिडकीची वरची पट्टी माऊसने धरून ठेवली. लिनक्सवर घड्याळ चालत राहते, कारण खिडक्या हलवण्याचे काम साधारणपणे दुसराच प्रोग्रॅम करतो. तुमच्या प्रोग्रॅमच्या मुख्य चक्राला, म्हणजे ‘काही घडले का?’ हे सतत पाहत राहणाऱ्या कोडला, त्याने फरक पडत नाही. विंडोजवर मात्र पट्टी धरताच सिस्टिम त्याच प्रोग्रॅमच्या आत स्वतःचे एक छोटे चक्र सुरू करते आणि माऊस सुटेपर्यंत मुख्य चक्राकडे परतत नाही. मुख्य चक्राच्या फावल्या क्षणांवर विसंबलेले घड्याळ तिथेच थबकते. मॅकवर मेनू उघडा असताना किंवा खिडकी ताणून मोठी करताना सिस्टिम वेगळ्या पवित्र्यात जाते, आणि फक्त नेहमीच्या पवित्र्यासाठी नोंदवलेले टाइमर तेवढा वेळ मुके होतात. लिनक्सवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला हा बग जन्मात दिसणार नाही. विंडोजवर दुरुस्ती करायची तर खिडकी सरकू लागली हा संदेश येताच सिस्टिमकडून एक टाइमर मागून घ्यायचा आणि त्याच्या ठोक्यावर आपले काम उरकायचे. मॅकवर टाइमर सर्व पवित्र्यांसाठी नोंदवायचा. दोन्ही उपाय चार-पाच ओळींत होतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. आता त्या आतल्या चक्रात असतानाही प्रोग्रॅमरचा कोड चालू लागतो, आणि अशा अवेळी आपल्याला हाक येईल असे त्याने धरलेलेच नसते. टाइमरच्या कोडने नेमकी सरकत असलेली खिडकीच बंद केली, तर घड्याळ थबकण्याऐवजी अख्खा प्रोग्रॅम कोसळतो.

म्हणजे थबकलेले घड्याळ बरे की कोसळण्याचा धोका बरा, हे लायब्ररीच्या लेखकाला ठरवावे लागते, आणि तेही ज्यांना तो ओळखत नाही अशा हजारो प्रोग्रॅमरांच्या वतीने. ‘पाच ओळींच्या दुरुस्तीला पाच महिने का?’ असे विचारणाऱ्यांना हे दिसत नाही. हायरमचा नियम म्हणून ओळखले जाणारे एक निरीक्षण इथे लागू पडते: वापरणारे पुरेसे वाढले की लायब्ररीची प्रत्येक दिसणारी सवय, मग ती कागदोपत्री असो वा नसो, कोणी ना कोणी गृहीत धरलेली असतेच. बगही त्यातच आले. एखाद्या चौकटीची रुंदी दोन पिक्सेलने चुकत असेल, तर कोणीतरी आपल्या कोडमध्ये दोन पिक्सेल वजा करून कधीच मोकळा झालेला असतो. मूळ चूक सुधारली की त्याचा पडदा बिघडतो. बग कोणत्या बदलाने शिरला हे शोधणे त्या मानाने सोपे. हजार बदलांच्या रांगेत मधोमध तपासायचे, चांगला अर्धा सोडायचा, असे दहा वेळा केले की गुन्हेगार सापडतो. गिटमध्ये त्यासाठी तयार आज्ञा आहे. पुढचा विचार मात्र कोणतीही आज्ञा करून देत नाही.

पिक्सेलचा विषय निघालाच आहे तर स्केलिंगबद्दलही सांगायला हवे, कारण अलीकडच्या बगांचा मोठा वाटा तिथला आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर सर्व काही १२५ टक्के आकारात दाखवण्याची सोय सर्रास वापरली जाते. ५ एकक रुंदीच्या दहा पट्ट्या शेजारी शेजारी काढायच्या आहेत, असे समजू. प्रत्येक पट्टी ६.२५ पिक्सेलची व्हायला हवी. पाव पिक्सेल काढता येत नाही म्हणून ती ६ ची होते आणि दहा मिळून ६० भरतात. बाहेरची चौकट मात्र ५० एककांची, म्हणजे ६२.५ पिक्सेलची. उजवीकडे दोन-तीन पिक्सेलची फट उरते. उपाय असा की रुंदी पूर्णांकात आणायची नाही, प्रत्येक पट्टीच्या कडेची जागा पूर्णांकात आणायची. मग काही पट्ट्या ६ च्या, काही ७ च्या होतात आणि फट नाहीशी होते. मॅकवर २०१२ मध्ये रेटिना पडदे आले तेव्हा ॲपलने प्रोग्रॅमांसाठी सरळ दुप्पट हे प्रमाण ठेवले, त्यामुळे तिथे अपूर्णांकाचा हा प्रश्न प्रोग्रॅमरपुढे येतच नाही. दोन कंपन्यांनी दोन रास्त निर्णय घेतले. गणित जुळवण्याचे काम तिसऱ्याच्या गळ्यात पडले.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सिस्टिमची बटणे आणि मेनू वापरता कशाला? सगळे स्वतःच रंगवा, म्हणजे तिन्हीकडे अगदी सारखे दिसेल आणि मतभेदांचा संबंधच उरणार नाही. हा प्रयोग जुना आहे. जावाच्या पहिल्या आवृत्तीत सिस्टिमचीच बटणे होती, आणि सर्वांना जमेल तेवढेच देता येत असल्यामुळे ती तोकडी पडली. १९९८ मध्ये आलेल्या जावाच्याच स्विंग लायब्ररीने सगळे स्वतः रंगवायला घेतले. आयबीएमने एक्लिप्स या प्रोग्रॅमसाठी एसडब्ल्यूटी ही लायब्ररी लिहिताना काटा पुन्हा उलटा फिरवून सिस्टिमच्या बटणांकडे नेला. आज गूगलचे फ्लटर स्वतः रंगवणाऱ्यांच्या बाजूचे आहे. या मार्गाने दिसण्यातला फरक मिटतो, हे कबूल. पण रंगवलेले बटण सिस्टिमच्या लेखी निव्वळ रंगाचा ठिपका असते. अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला ते बटण आहे, त्यावर अमुक लिहिले आहे आणि ते दाबता येते, हे सांगणारा कोड वेगळा लिहावा लागतो, आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स यांच्या तीन निरनिराळ्या पद्धतींनी. क्लिपबोर्ड, कीबोर्ड, छपाई हे सगळे तर सिस्टिमकडेच मागावे लागते. शिवाय रंगवण्याचे स्वतःचे बग असतात ते निराळेच: फ्लटरच्या ॲपमध्ये पहिल्यांदा चालणारे ॲनिमेशन अडखळत असे, आणि त्यासाठी रंगवणारे इंजिनच बदलून २०२३ मध्ये आयफोनवर नवे इंजिन रूढ करावे लागले. ब्राउझरच्या पोटात प्रोग्रॅम चालवणाऱ्यांनाही हेच उत्तर. त्यांच्या वाट्याचे मतभेद क्रोमियम हा ब्राउझर लिहिणारे निस्तरतात, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिला तर वागणूक अस्सल राहील. खरे आहे, आणि ज्यांना तीन पथके पोसणे परवडते त्यांनी तसे जरूर करावे. पण हौशी माणसांच्या बळावर वाढलेल्या ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅमचा जन्मच मग झाला नसता. आणि वेगळे लिहिल्याने मतभेद संपत नाहीत, त्यांची नोंद तेवढी हरवते. क्लिपबोर्डचा धडा लायब्ररीत एकदा लिहिला की तो हजार प्रोग्रॅमांना मिळतो. डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये प्रोग्रॅम बंद झाल्यावरही क्लिपबोर्डवरचा मजकूर टिकवण्याची विनंती करता येते आणि ती मान्य झाली की नाही याचे होय किंवा नाही असे उत्तर मिळते. जिथे सोय नाही तिथे उत्तर ‘नाही’. माझ्या मते चांगली दुरुस्ती ती हीच. लिनक्सवरच्या नव्या वेलँड व्यवस्थेत प्रोग्रॅमला आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे आहे हे कळूच दिले जात नाही. मागच्या वेळच्या जागी खिडकी उघडण्याची जुनी सोय तिथे सांगूनसवरून मोडली आहे. लायब्ररीने तिथे खोटी जागा सांगण्यापेक्षा कळत नाही असे सांगणे शंभर पटींनी बरे.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी थेट संबंध येतो तो मजकुराच्या चौकटीत. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. युनिकोडच्या हिशेबाने सहा चिन्हे. जीटीके वापरते त्या यूटीएफ-८ पद्धतीत १८ बाइट, क्यूटीच्या यूटीएफ-१६ मध्ये १२. उजवा बाण दाबल्यावर कर्सरने किती पुढे जावे? २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत युनिकोडच्या सर्वसाधारण नियमाने ‘स्त्री’चे तीन तुकडे पडत, त्या आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर अखंड मानले. त्यामुळे जुना नियम पाळणारा आणि नवा पाळणारा प्रोग्रॅम एकाच शब्दात कर्सर वेगवेगळा हलवू शकतात, आणि दोघेही नियमानेच वागत असतात. याहून बिकट गोष्ट ऱ्य ची. आचार्यांना जेवायला बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांत फरक आहे, हे युरोपातल्या प्रोग्रॅमरला ठाऊक असण्याचे कारण नाही. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो: एक ऱ या वेगळ्या चिन्हाने, दुसरी साध्या र नंतर हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण अक्षरशः तुलना करणारा शोध एकाला दुसरा म्हणून ओळखत नाही. आणि चौकटीत पेस्ट होणाऱ्या मजकुरातून अदृश्य चिन्हे कचरा समजून गाळणारा कोड कोणी सद्हेतूने लिहिला, तर दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेल्या आचाऱ्यांचे क्षणात आचार्य होतात. इंग्रजीवर घेतलेल्या साऱ्या टेस्ट अशा वेळी हिरव्याच राहतात.

डब्ल्यूएक्सविजेट्स, क्यूटी आणि जीटीके या तिन्हींच्या बगांच्या नोंदवह्या सर्वांना खुल्या आहेत. मराठी मजकुराबाबत असे काही दिसले तर तिथे जरूर लिहावे. सिस्टिमचे नाव आणि आवृत्ती, स्केलिंगचा टक्का, कोणता कीबोर्ड वापरला, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढे पुरते. मजकूर मात्र जसाच्या तसा पेस्ट करावा, नुसता स्क्रीनशॉट देऊ नये. ऱ्य दोनांपैकी कोणत्या पद्धतीने टाइप झाला आहे हे चित्रात दिसत नाही.